मूळ चाल कोणती?

तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या भाच्यानं मला मोबाइलवर एक रचना पाठवली. तो पुण्यात नोकरी करतो आणि रात्री संगणकावर संगीत रचतो. चार मिनिटं वीस सेकंदांची ती रचना होती, सोबत एकच ओळ : "मामा, टेट्रिसचं रीमिक्स केलंय. ऐका आणि खरं खरं सांगा."

मी मिरजेचा. पन्नास वर्षं पेटी वाजवतोय, त्यातली तीस शिकवण्यात गेली, आणि संगीतावर अधूनमधून लिहितो. 'खरं खरं सांगा' असं कुणी म्हटलं की माझ्यासारख्या माणसाला चेव येतो. दुपारी चहा घेता घेता मोबाइल टेबलावर ठेवून मी ती रचना दोनदा ऐकली आणि दीड पानाचं टिपण लिहून त्याला पाठवलं. त्यात पाच आक्षेप होते. मूळ चाल सव्वा मिनिट येतच नाही. आली तरी तुकड्यातुकड्यांनी येते, शोधावी लागते. मधला भाग अगदी रिकामा आहे. शेवटचं मिनिट आधीच्याच गोष्टी पुन्हा सांगतं. आणि उत्तरार्धात एक स्वर चुकला आहे. खाली मी एक सुभाषितवजा वाक्यही लिहिलं होतं, मूळ रचनेशी इमान राखणं ही पहिली पायरी असते, असं काहीतरी. ते आज वाचवत नाही.

त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे मामा. थँक्यू." त्यानंतर त्यानं मला काही पाठवलं नाही. पुढच्या वर्षी भाऊबीजेला बहिणीकडे गेलो, तर त्याच्या संगणकाच्या टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत होती. कीबोर्ड कपाटावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बहीण म्हणाली, "सोडलंन् त्यानं ते." का, ते मी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही.

हा लेख म्हणजे त्या दीड पानाची तपासणी आहे. व्हिडिओ गेमच्या संगीतावर हौशी लोकांनी केलेली रीमिक्सं हा दिवाळी अंकाच्या वाचकाला दूरचा विषय वाटेल, हे मला ठाऊक आहे. त्यातून आपल्याकडे २००२च्या सुमारास 'कांटा लगा' घरोघर वाजू लागल्यापासून रीमिक्स म्हटलं की जुन्या गाण्यावर घातलेला हात अशीच समजूत आहे. माझीही होती. पण या प्रकाराला चांगला चाळीस वर्षांचा इतिहास आहे, त्याची समीक्षा करण्याची एक शिस्तही तयार झाली आहे, आणि मी ज्या चालीच्या इमानाच्या गोष्टी करत होतो, तिचा इतिहास तर दीडशे वर्षांहून जुना निघाला.

आधी चालीचं पाहू. टेट्रिस हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे, निदान नव्वदच्या दशकात जत्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या त्या 'ब्रिक गेम'च्या रूपात तरी. वरून चार चौकोनांच्या ठोकळ्या पडतात, त्या फिरवून ओळ भरायची, भरलेली ओळ नाहीशी होते. हा खेळ १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोवनं रचला. त्याच्यापुढे इलेक्ट्रॉनिका ६० नावाचं यंत्र होतं. त्यावर चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून ठोकळ्या कंसांच्या चिन्हांनी दाखवल्या होत्या. संगीत नव्हतंच. म्हणजे ज्याला जग 'टेट्रिसची चाल' म्हणतं, ती मूळ टेट्रिसमध्ये नाही.

ती चाल 'कोरोबेइनिकी' या रशियन लोकगीताची. त्याचे शब्द निकोलाय नेक्रासॉव या कवीच्या त्याच नावाच्या दीर्घ कवितेतले, साल १८६१. हेच साल रशियात भूदासांच्या मुक्तीचं. कोरोबेइनिकी म्हणजे खांद्यावर पेटी घेऊन गावोगाव कापडचोपड, फिती, दागिने विकत फिरणारे फेरीवाले. आपल्याकडच्या बोहारणीचे आणि कासारांचे लांबचे भाऊबंद म्हणा. गाण्यात तरुण फेरीवाला आणि कात्या नावाची मुलगी यांची रात्रीच्या शेतातली भेट आहे, सौदा आहे, लाडीगोडी आहे. कवितेत पुढे आणखी बरंच काही घडतं : फेरीवाले गावोगाव हिंडतात, कमाई करतात आणि परतीच्या वाटेवर जंगलात एक वनरक्षक त्यांना गोळ्या घालून लुटतो. गाणाऱ्यांनी तो शेवट टाकून दिला. त्यांना नाचायला गाणं हवं होतं, खून नको होता. म्हणजे लोकगीत झालं तेव्हाच मूळ कवितेतलं सगळ्यात भारी असलेलं काहीतरी वगळून झालं होतं.

मग १९८९. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं गेम बॉय हे हातात मावणारं खेळयंत्र त्या वर्षी एप्रिलमध्ये बाजारात आणलं आणि जूनमध्ये त्यावरचं टेट्रिस. संगीत हिरोकाझू तनाका यांचं. खेळणाऱ्याला अ, ब, क अशा तीन चालींतून एक निवडता येई. क ही बाखच्या एका फ्रेंच सुईटमधली मेन्युएट, ब ही खुद्द तनाकांची, आणि अ म्हणजे आपली कोरोबेइनिकी. पण यातही एक गंमत आहे. जपानात विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या आवृत्तीत अ या जागी दुसरीच चाल होती. पुढच्या आवृत्तीत ती काढून कोरोबेइनिकी घातली, आणि तीच जगभर गेली. कोट्यवधी कानांत 'मूळ' म्हणून बसलेली चाल ही दुसऱ्या आवृत्तीतली दुरुस्ती आहे.

एवढं वाचून झाल्यावर माझ्या सुभाषितातलं इमान नक्की कुणाशी राखायचं, हा प्रश्न पडला. नेक्रासॉवशी? नाचणाऱ्या खेडुतांशी? मॉस्कोच्या मुक्या यंत्राशी? आणि हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता, कारण मी नाट्यसंगीत वाजवत मोठा झालो. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून पुढे कुठल्या तरी लावणीचं, कानडी पदाचं, ठुमरीचं नाव दिलेलं असतं. १९११च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमऱ्या-बंदिशींच्या वळणाच्या चाली दिल्या, त्याबद्दल त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. विचारलं जाई ते एवढंच, की चाल बसली का? मूळच्या ठुमरीतलं किती टक्के आलं, हे टेंब्यांना कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. ते पेटीवाले होते, मीही पेटीवाला. तरी मी भाच्याला टक्के विचारले.

आता गेम बॉयच्या आत काय होतं ते. या यंत्रात एका वेळी फक्त चार आवाज निघू शकत. दोन चौकोनी लहरींचे, तिसरा बत्तीस बिंदूंनी आखलेल्या एका छोट्या लहरीचा, आणि चौथा नुसता खरखराट, ज्याच्यातून ताल काढायचा. चौकोनी लहर म्हणजे आवाज पूर्ण चालू, पूर्ण बंद, पूर्ण चालू, असं सेकंदाला शेकडो वेळा. त्यात चालूचा वेळ किती ठेवायचा याला चारच पर्याय : साडेबारा, पंचवीस, पन्नास किंवा पंचाहत्तर टक्के. मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढतात, तेव्हा तार घोडीला किती वेळ चिकटते आणि किती वेळ सुटते, यावरच तर आवाज खुलतो किंवा मिटतो. साडेबारा टक्क्यांची लहर नाकातून बोलते, पन्नासची पोकळ, बासरीच्या जवळ जाणारी. तनाकांनी एका आवाजाकडे चाल दिली, दुसऱ्याकडे तिची साथ, तिसऱ्याकडे खर्ज, खरखराटाकडे ताल. संपलं. घुमारा नाही, मींड जवळजवळ नाही. शिवाय अशा यंत्रांत खेळातला एखादा आवाज वाजायचा झाला, तर तो याच चारांपैकी एकाची जागा घेतो आणि तेवढ्यापुरता संगीतातला तो धागा तुटतो. आपल्या रचनेला मध्येच भोकं पडणार हे धरूनच त्या संगीतकारांना लिहावं लागे.

चाल आपल्या भाषेत सांगायची तर पंचमावरून सुरू होते, तिथून सरळ ऋषभावर उडी घेते, कोमल गंधार, मध्यम असं जरा चढून परत षड्जावर येते. दुसऱ्या ओळीत वरच्या षड्जाला शिवून कोमल निषाद, कोमल धैवतावरून उतरते. स्वर आसावरी थाटाचे म्हणता येतील, चलन मात्र आसावरीचं नाही, कुठल्याच रागाचं नाही. उत्तरार्धात ती एकदम संथ होते, लांब लांब स्वर येतात, आणि तिथे एका जागी मंद्रातला निषाद शुद्ध लागतो. आतापर्यंत कोमल असलेला निषाद तिथे अर्ध्या स्वरानं वर सरकतो आणि षड्ज ओढून घेतो. सगळ्या चालीत मला आवडणारी जागा ती.

रीमिक्स या प्रकाराचं मूळ शोधायला जपान किंवा अमेरिका नव्हे, जमैकात जावं लागतं. साठच्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टन शहरात रेगे गाण्यांच्या तबकड्यांच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची गायकाचा आवाज काढून टाकलेली 'व्हर्जन' देऊ लागले. गल्लीबोळांत मोठमोठे कर्णे लावून नाच चालत, तिथे निवेदकाला बोलायला जागा हवी असे. ऑस्बर्न रडॉक ऊर्फ किंग टबी हा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका मोठ्या स्टुडिओनं वापरून झालेलं चार ट्रॅकचं मिक्सर त्यानं मिळवलं आणि त्याच्या सरकपट्ट्या वरखाली करत तो गाण्यातून एकेक गोष्ट काढून घेऊ लागला. गायक एक शब्द म्हणून गायब, गिटार एका ठोक्यापुरती, उरला फक्त खर्ज आणि ढोल. याला डब म्हणतात. आज ज्याला आपण रीमिक्स म्हणतो, त्याचं हे कूळ : चालू गाण्यात काही न घालता त्यातून काढून घेणं.

जमैका आणि जपान यांचा धागा सरळ आहे. हिरोको ओकुदा नावाच्या तरुणीनं संगीत महाविद्यालयात रेगेवर प्रबंध लिहिला आणि १९८० साली ती कॅसिओ कंपनीत लागली. पुढच्या वर्षी आलेल्या एमटी ४० या छोट्या कीबोर्डात बटण दाबलं की आपोआप वाजणारे ताल होते, ते तिनं बसवले. त्यातला एक ताल जमैकात पोचला आणि १९८५ साली त्यावर वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' निघालं. निर्माता किंग जॅमी, टबीचाच चेला. त्या गाण्यानं रेगे वाद्यवृंदाकडून यंत्राकडे वळलं. आमच्याकडे ऑर्केस्ट्रावाले आजही कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणतात, त्या घरातलंच हे यंत्र.

आणि तनाका? ते १९८० साली निन्टेन्डोत आले ते आवाजाचे अभियंते म्हणून. रेगे आणि डब आपल्याला किती प्रिय आहेत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. १९८६च्या 'मेट्रॉइड' या खेळाचं संगीत त्यांचंच. त्या वेळी बहुतेक खेळांत उड्या मारणारी, आनंदी चाल सुरुवातीपासून वाजत असे. तनाकांनी ठरवलं की खेळणाऱ्याला संगीत कुठलं आणि यंत्राचा आवाज कुठला, हे वेगळं कळूच नये. गुणगुणता येईल अशी चाल त्यांनी शेवटच्या शत्रूचा पराभव होईपर्यंत राखून ठेवली. तोवर नुसते ठिबकते, दबके आवाज. म्हणजे 'चाल सव्वा मिनिट येत नाही' हा आक्षेप मी ज्याच्या नावानं घेत होतो, त्या माणसानं अख्खा खेळ संपेपर्यंत चाल येऊ दिली नव्हती.

गेमच्या संगीताची पहिली रीमिक्सं हौशी लोकांनी केलेली नाहीत. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी त्रिकुटातल्या हारुओमी होसोनो यांनी १९८४ साली नाम्को कंपनीच्या खेळांच्या संगीताची 'व्हिडिओ गेम म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि त्याच वर्षी 'सुपर झेव्हियस' ही नाचाची मोठी तबकडी. १९८७मध्ये तोक्योत 'ड्रॅगन क्वेस्ट'चं संगीत पूर्ण वाद्यवृंदानं मैफलीत वाजवलं. म्हणजे लगेच दोन वाटा तयार झाल्या. एक चिपच्या आवाजाला कच्चं आणि गरीब मानून त्याला व्हायोलिनांचे कपडे घालणारी, दुसरी त्या आवाजालाच वाद्य मानणारी.

पहिल्या वाटेचा वाईट नमुना आपल्या चालीच्याच वाट्याला आला. १९९२ साली ब्रिटनमध्ये 'डॉक्टर स्पिन' या नावानं 'टेट्रिस' ही नाचाची तबकडी निघाली आणि लोकप्रियतेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. त्या टोपणनावामागे निर्माता नायजेल राइट आणि 'फँटम ऑफ द ऑपेरा'चे अँड्र्यू लॉइड वेबर होते. मी ती ऐकली. चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट आहे, एक स्वर इकडचा तिकडे नाही, माझ्या टिपणातले पहिले तीन आक्षेप तिच्यावर घेताच येणार नाहीत. आणि ती अतिशय कंटाळवाणी आहे. खाली धपाधप ढोल घातला, वर टाळ्या घातल्या, चालीला काही झालं नाही आणि चालीनंही कुणाला काही केलं नाही. माझ्या मोजपट्टीवर ही तबकडी पहिली आली असती. मोजपट्टीत खोट आहे, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

हौशी लोकांची चळवळ खऱ्या अर्थानं उभी राहिली ती नव्वदच्या अखेरीस. १९९८च्या सुमारास ऑलिव्हर व्हिटचाऊ या जर्मन विद्यार्थ्यानं 'नॅनोलूप' आणि २००० साली स्वीडनच्या योहान कॉटलिन्स्कीनं 'लिटल साउंड डीजे' हे कार्यक्रम लिहिले. त्यांनी गेम बॉयलाच संगीत रचायचं यंत्र करून टाकलं. ज्या पोरांनी त्यावर ठोकळ्या रचल्या होत्या, ती आता त्याच चार आवाजांत मैफली करू लागली. डिसेंबर १९९९मध्ये अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी 'ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स' ही संस्था सुरू केली. तिनं केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं : तिनं परीक्षकांचं मंडळ बसवलं, आणि कुणाचं रीमिक्स का घेतलं, का नाकारलं, याची प्रत्येक परीक्षकाची कारणं उघड ठेवली. हौशी माणसाच्या फुकट कामाला एवढी गांभीर्यानं लिहिलेली समीक्षा आपल्याकडे गावच्या नाट्यस्पर्धेतसुद्धा मिळत नाही. पुढे २००८ साली कॅपकॉम कंपनीनं 'स्ट्रीट फायटर'च्या नव्या आवृत्तीचं संगीत याच मंडळींकडून करून घेतलं.

त्यांच्या कसोट्या थोडक्यात अशा. मूळ रचना ओळखू आली पाहिजे आणि रीमिक्समध्ये तिचं प्राबल्य पाहिजे. पण नुसती वाद्यं बदललेली चालणार नाहीत, मांडणी स्वतःची हवी. आणि ध्वनिमिश्रण स्वच्छ हवं. पहिल्या दोन अटी एकमेकींच्या उलट्या दिशेनं ओढतात, आणि सगळी समीक्षा त्या ओढाताणीत चालते. शंका आली तर परीक्षक चक्क घड्याळ लावतात. कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत मूळ रचनेचा कोणता भाग आहे, याची बेरीज करतात. ती निम्म्याहून अधिक भरली पाहिजे. मला हे आधी हास्यास्पद वाटलं. कविता फूटपट्टीनं मोजण्यासारखं. पण त्यात एक सक्ती आहे : मोजायचं तर आधी नीट ऐकावं लागतं. 'चाल येत नाही' असं मोघम म्हणून चालत नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी भाच्याची ती रचना पुन्हा काढली आणि वही घेऊन बसलो. मधल्या काळात एक क्षुल्लक गोष्ट घडली होती. परदेशातले दोन विद्यार्थी संगणकावरून शिकायला लागले, त्यांच्यासाठी मी बरे हेडफोन घेतले होते. ते कानाला लावले आणि रचना सुरू केली. अठराव्या सेकंदाला मी ती थांबवली.

चाल आली होती. खर्जात. पंचमावरून ऋषभावर उडी, कोमल गंधार, मध्यम, सगळं जागच्या जागी, पण इतकं खाली की माझ्या मोबाइलच्या त्या तांदळाएवढ्या कर्ण्यातून तीन वर्षांपूर्वी त्यातला एकही स्वर मला ऐकू आला नव्हता. तो कर्णा एवढ्या खालचे स्वर काढूच शकत नाही. मी ज्याला 'रिकामा मधला भाग' म्हटलं होतं, तिथेही खाली चालीची दुसरी ओळ अर्ध्या लयीत चालली होती, आणि वर फक्त साडेबारा टक्क्यांच्या लहरीचा एकेक ठिपका, तिच्या वळणांवर नेमका पडणारा. त्यानं चाल काढून टाकली नव्हती. वरची काढून खालची ठेवली होती, टबीनं ठेवली असती तशी.

गेम बॉयचा स्वतःचा कर्णाही तसाच लहानसा होता. त्यातून सगळं एकाच ठिकाणाहून येई आणि खर्ज जेमतेम लागे. हेडफोन लावला तर डावं-उजवं वेगळं होई आणि खालचा आवाज भरून येई. म्हणजे १९८९ सालीही तनाकांची रचना अर्ध्या लोकांनी अर्धीच ऐकली असणार. पण त्या पोरांनी दीड पानाची टिपणं लिहिली नव्हती.

मी घड्याळ लावून बेरीज केली. दोनशे साठ सेकंदांपैकी एकशे पंचावन्न सेकंद चाल कुठल्या ना कुठल्या रूपात हजर आहे. साठ टक्क्यांच्या जरा खाली. अमेरिकेतल्या परीक्षकांच्या अटीत बसतं. पहिले तीन आक्षेप मी वहीत खोडले. चौथा तसाच ठेवला, कारण शेवटचं मिनिट खरंच तीच गोष्ट पुन्हा सांगतं, हेडफोननं त्यात फरक पडला नाही. उलट हेडफोनमुळे एक नवा आक्षेप सापडला. ढोलाचा ठोका आणि खर्जातली चाल एकाच पट्टीत वाजतात, त्यामुळे प्रत्येक समेवर चालीचा स्वर ढोलाखाली गाडला जातो. ढोल पडला की क्षणभर खर्ज आपोआप मागे सरकेल अशी सोय असते, तिला ही मुलं साइडचेन म्हणतात. ती एकतर त्यानं लावली नव्हती किंवा फार कमी लावली होती. तबलजीनं डग्गा घुमवला की पेटीवाल्यानं खर्जाची पट्टी सोडायची असते, तेच हे. हा आक्षेप त्याच्या कामाचा होता, आणि तो मला तीन वर्षांपूर्वी घेता आला असता. त्यासाठी रचना ऐकायला हवी होती.

पाचव्या आक्षेपाकडे मी सगळ्यात जास्त वेळ दिला. चुकलेला स्वर म्हणजे तोच, उत्तरार्धातला शुद्ध निषाद. त्यानं तिथे कोमल लावला आहे. चाल षड्जाकडे ओढली जायच्या ऐवजी नुसती लोंबकळत राहते. मी पेटीवर दोन्ही वाजवून पाहिलं, दहा-बारा वेळा. शुद्ध निषाद नसला की चालीला घरी यायची घाई उरत नाही. मला तो दोषच वाटला. अजूनही वाटतो.

नवं टिपण मी पाठवलं नाही. पुण्याला गेलो, आणि त्याच्या खोलीत बसून सांगितलं की पहिल्या वेळी मी ते मोबाइलवर ऐकलं होतं. त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "मामा, मोबाइलच्या स्पीकरवर? बेसलाइनच चाल आहे त्यात." मी म्हटलं, "आता कळलं रे." तो बराच वेळ हसला, त्यात राग किती होता ते मी मोजलं नाही. मग मी ढोलाचं आणि शेवटच्या मिनिटाचं सांगितलं. ढोलाचं त्याला पटलं. शेवटच्या मिनिटाबद्दल म्हणाला, "ते मलाही तेव्हाच वाटलं होतं, पण काढायचा धीर झाला नाही."

निषादावर मात्र आमचं जमलं नाही. तो म्हणाला की तो मुद्दाम आहे. टेट्रिसमध्ये कुणी जिंकत नाही, ठोकळ्या पडतच राहतात, शेवटी वरपर्यंत भरतात आणि खेळ संपतो. तिथे घरी पोचल्याचा स्वर कशाला? मी म्हटलं की तनाकांनी तो लावला आहे, रशियातले लोक गातात त्यातही आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्हीच आत्ता म्हणालात ना, मूळ कोणतं?"

गणपतीच्या आदल्या दिवशी त्यानं नवी प्रत पाठवली. आता ती तीन मिनिटं पंचवीस सेकंदांची आहे, ढोल आणि खर्ज एकमेकांना वाट देतात. मी हेडफोन लावून ऐकली. निषाद कोमलच आहे.